कोळशाची वीज, विजेची गाडी
प्रश्न : आपली बरीचशी वीज कोळशाची. मग इलेक्ट्रिक गाडी घेतली की धूर फक्त चंद्रपूरला सरकतो ना?

उत्तर : सरकतो, पण कमीही होतो. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. लिटरला १५ किलोमीटर धरले तर किलोमीटरला दीडशे ग्रॅम. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो. छोटी गाडी चार्जिंगमधली गळती धरून युनिटला सातेक किलोमीटर जाते, म्हणजे शंभर ग्रॅम. बॅटरी बनवतानाचं प्रदूषण मात्र आधीच झालेलं. ते फिटायला हजारो किलोमीटर लागतात. वर्षाला तीनेक हजारच फिरणार असाल तर आहे तीच गाडी चालवा. आणि घेतलीत, तर चार्जर एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका. तासन्‌तास भार राहिला की सैल जोड तापून वितळतो.