मावशीला अनब्लॉक कर आधी

अगं, लोकसभेच्या निकालावरून मावशीशी बिनसल्याचा तुझा परवा रात्रीचा मोठा मेसेज दोनदा वाचला. फोनवर घाईत काहीतरी गुळमुळीत लिहायचं नव्हतं म्हणून आज चहा घेऊन निवांत बसलेय.

धक्का बसणारच. 1 जून 2024ला बहुतेक एक्झिट पोल एनडीएला 350च्या वर नेत होते आणि 4 तारखेला भाजप 240वर थांबला, एनडीए 293. तुमच्या घरात एक जण म्हणतोय जिंकलो, दुसरा म्हणतोय जिंकूनही हरलो, त्यात तू मावशीला ब्लॉक करून बसलीस. ते मला निकालापेक्षा जास्त लागलं बघ, कारण मी हेच करून बसलेय.

2004ला महिनोन्‌महिने वाजपेयी सरकारच्या ‘इंडिया शायनिंग’च्या जाहिराती बघून आम्ही निकाल ठरलेलाच धरला होता. 13 मेला काँग्रेस 145, भाजप 138. ऑफिसातली माझी मैत्रीण खूश झाली आणि मी सगळ्यांसमोर तिला म्हटलं, तुम्हा लोकांना देशाचं काही पडलेलंच नाही. रोज दादरहून एकत्र जायचो आम्ही, त्यानंतर मी मुद्दाम पुढचा लेडीज डबा पकडायला लागले. दोन वर्षं. खूप उशिरा कळलं की तिच्या नवऱ्याची गिरणी बंद पडून देणी अडकली होती, घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललेलं, तिला कुठून काही शायनिंग दिसणार होतं! आणि मी एकदाही विचारलं नव्हतं की बाई गं, तू असं मत का दिलंस. अजून टोचतं ते.

तर मावशीला फोन कर. पटवायला नको, फक्त विचार आणि ती बोलत असताना मध्ये तोंड घालू नकोस, तुझं मत बदलायची काही गरज नाही.

दुसरं, ‘एका मताने काय होतं’ हे निदान तू तरी म्हणू नकोस, तू गोरेगावात राहतेस! तुमच्या उत्तर पश्चिम मुंबईत 4,52,644 विरुद्ध 4,52,596, म्हणजे फक्त 48 मतांचा फरक. तुमच्या बिल्डिंगच्या एका विंगमध्ये एवढे मतदार असतील. आणि तूच सांगत होतीस ना, 20 मेला शेजारच्या आजी उन्हात रांगेत उभ्या राहिल्या आणि यादीत नावच नाही म्हणून परत आल्या. त्यांनी कुणाला मत दिलं असतं हे न विचारता त्यांचा नाव नोंदवायचा फॉर्म 6 भरून दे. भाड्याने नवीन राहायला आलेल्यांचा पत्ता बदलायला फॉर्म 8. हे आत्ताच कर, निवडणूक तोंडावर आली की धावपळ होते. महापालिकेत मार्च 2022ला नगरसेवकांची मुदत संपली आणि सगळा कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हा तुमचं तुंबलेलं गटार कुणाला सांगायचं हा प्रश्न होताच की. 227 वॉर्डांची पुढची निवडणूक कधीतरी लागेलच, तेव्हा आजींचं नाव यादीत हवं.

रविवारी मी येते तुझ्याकडे. आजींना आधार कार्डाची झेरॉक्स आणि एक फोटो काढून ठेवायला सांग, आणि जमलं तर मावशीलाही बोलव, तिचं अक्षर छान आहे.