रागांचं पॅकेज घ्यावं का?

प्रश्न : ताई, माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. ऑटिझमचं निदान झालंय, स्पीच थेरपी चालू आहे. बोलत नाही, पण जाहिरातींच्या चाली अचूक गुणगुणतो. मिक्सर लावला की मात्र कान दाबून पळतो. आमच्याकडे एकांनी रागचिकित्सा सुरू केलीय. रोज हेडफोनवर ठरावीक राग ऐकवायचे, सहा महिन्यांत मूल बोलायला लागतं म्हणतात. फी आगाऊ आहे. सासूबाई म्हणतात, करून बघायला काय जातंय? – एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : पैसे जातात, आणि ते भरू नका. अमुक राग ऐकवला की मूल बोलतं, याला आधार नाही. मी स्वतः रोज रियाज करते, रागांवर माझा राग नाही! पण हेडफोन लावून एकटं बसवलेलं मूल आणखी एकटं पडतं.

संगीतोपचार म्हणजे दोघांनी मिळून वाजवणं. पॉल नॉर्डॉफ हे संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हे विशेष शिक्षक यांनी 1959 मध्ये इंग्लंडमध्ये अशा मुलांबरोबर काम सुरू केलं, ते याच रीतीने. मूल जे करेल त्याला सूर द्यायचा. माझ्याकडे येणारा एक मुलगा पेटीच्या भात्यावर हात दाबून धरायचा. हवा बंद, सूर बंद. मीही गप्प. हात काढला की मी वाजवायची. असं बराच वेळ चाललं, मग त्याने हात ठेवण्याआधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मी काय करते ते बघायला. आम्ही ज्यासाठी बसतो ते हेच.

तुमचा मुलगा चाली गुणगुणतो, यात नवल नाही. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये ऑटिझम असलेल्या 11 मुलांचं वर्णन केलं, त्यांतला एक मुलगा वर्षाचा असतानाच कितीतरी चाली बिनचूक म्हणायचा. सुराची ओढ असणं वेगळं आणि त्यातून बोलणं फुटणं वेगळं. 2017 मध्ये नऊ देशांतल्या 4 ते 7 वर्षांच्या 364 ऑटिस्टिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच महिन्यांच्या संगीतोपचारानंतरही मिसळण्या-संवादाच्या मूळ अडचणींत संगीतोपचार न घेतलेल्या मुलांपेक्षा फरक दिसला नाही. कॉक्रेन ही संस्था उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासते; तिच्या 2022 च्या आढाव्यात असे 26 अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा एकूण सुधारणा आणि जगण्याचा दर्जा यांत फायदा दिसला, बोलण्यात मात्र ठोस काही नाही. तेव्हा सहा महिन्यांची हमी देणाऱ्याला दुरूनच नमस्कार. स्पीच थेरपी अजिबात थांबवू नका.

घरी एक करा. त्याच्या आवडीची चाल त्याच्याच पट्टीत, त्याच्याच लयीत म्हणा आणि शेवटचा सूर सोडून थांबा. थांबा म्हणजे खरंच थांबा. आपण आया लगेच “म्हण ना रे सोन्या” करतो आणि सगळं मुसळ केरात. तो सूर त्याने लावला, हुंकार दिला, नुसतं तुमच्याकडे पाहिलं तरी पुढची ओळ सुरू करा. कंटाळला की बंद. आणि मिक्सर लावण्याआधी त्याला सांगा, बटण त्यालाच दाबू द्या. आवाज कधी येणार हे ठाऊक असलं की बऱ्याच मुलांना तो सोसतो. नाहीच सोसला तर दुसऱ्या खोलीत जाऊ द्या. गणपतीत ढोल-ताशा जवळून ऐकवून ‘सवय लावण्याच्या’ फंदात पडू नका.

प्रश्न : नातू नऊ वर्षांचा, ऑटिस्टिक. डब्यावर छान ठेका धरतो. तबल्याच्या क्लासला घालू का? – एक आजोबा, नाशिक

उत्तर : जरूर घाला, आजोबा. त्याला आवडतं, एवढं कारण पुरे. त्याला उपचार म्हणायची गरज नाही. फक्त गुरुजींना आधी भेटा. पहिले काही दिवस बायाँवर, म्हणजे डग्ग्यावर, नुसता तळवा ठेवून घुमारा अनुभवू देतील का, आणि बाकीची मुलं एकदम वाजवायला लागली तर त्याला बाहेर ओट्यावर बसू देतील का, हे विचारा. आढेवेढे घेतले तर दुसरे गुरुजी शोधा.