तरुण संघात कॉलेजची मुलं टिकत नाहीत, रचना कशी बदलावी?

तुम्ही विचारलंय की कॉलेजची मुलं चर्चमध्ये उपासनेला येतात पण तरुण संघाला थांबत नाहीत, तर संघ नव्याने बांधताना कमिटी किती जणांची ठेवावी, गट किती पाडावेत, अभ्यास कुठला घ्यावा. कमिटी ५ ची करा नाहीतर ११ ची, काही फरक पडत नाही. आधी हे सांगा, तुमच्या अध्यक्षाचं वय काय? आमचा ४१ चा होता. थोरली मुलगी संडे स्कूलमध्ये आणि बाप तरुण संघाचा अध्यक्ष, कारण घटनेत वयाची अट कुणी लिहिलीच नव्हती. मी सेक्रेटरी, ३४ चा, म्हणजे मी पण काही कोवळा नव्हतो.

नाशिकचीच मंडळी, म्हणजे चर्च, नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील. २०१६ ची गोष्ट. नवापूरकडची एक मुलगी नर्सिंगला होती, दर रविवारी शेवटच्या बाकावर बसायची आणि आशीर्वाद झाला की निघून जायची. जवळजवळ वर्षभर. आम्ही वार्षिक अहवालात लिहिलं, ‘विद्यार्थीवर्गात आध्यात्मिक उदासीनता दिसते’. ते वाक्य माझंच, लाज वाटते आता. एका रविवारी गेटवर गाठून विचारलं, ताई थांबत का नाही कधी? तर म्हणाली, "दादा, मेस एकला बंद होते. आणि रविवारी रात्री मेस नसतेच."

म्हणजे बघा, उपासना साडेनऊची, मग चहा, सलाम-बिलाम करता करता साडेअकरा, मग आमचा संघ एक वाजेपर्यंत, आणि तो संघ केला की तिचं दुपारचं पण गेलं नि रात्रीचं तर नव्हतंच, थेट सोमवारचे पोहे. हॉस्टेलच्या प्रत्येक पोराला हे माहीत असतं. आमच्या कमिटीत एकाला माहीत नव्हतं, कारण सगळे घरी जाऊन मटण-भात खाणारे!

पुढच्या मीटिंगला मी म्हटलं संघानंतर जेवण ठेवू, साधं, खिचडी आणि कढी. खजिनदारकाका म्हणाले, संघ म्हणजे अन्नछत्र नाही, ज्याला देवाच्या वचनाची भूक आहे तो थांबेल. नाताळच्या लायटिंगला १८,००० मंजूर होते त्याच मीटिंगमध्ये, ते कुणाला खटकलं नाही. मग आम्ही चार-पाच जणांनी खिशातून सुरू केलं. पहिल्या रविवारी ९ पोरं, दोन महिन्यांनी २६. कोण जळगाव जामोदचं, कोण जालन्याचं, कोण श्रीरामपूरचं, आपापल्या गावात भजनाला पेटी वाजवणारी पोरं आणि इथे वर्षभर नुसती पाठीमागे बसून गेलेली. अभ्यास कुठला घ्यायचा ते पण त्यांनीच ठरवलं, खरकटी भांडी घासता घासता.

हिशोब त्या मुलीकडे दिला. तिची दोनशे पानी वही अजून डोळ्यासमोर आहे, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, तूरडाळ, तांदूळ, कोथिंबीर ५ रुपये हे सुद्धा. स्टोअरची चावी पण तिच्याकडे, कारण पातेली तिथे.

आणि चावीवरूनच पेटलं. ही आपली सभासदच नाही, चावी कुणी दिली? खरंच नव्हती. तिचा सभासदत्वाचा दाखला गावच्या मंडळीत, तीन वर्षांसाठी कोण दाखला हलवतं? पण दाखला नाही म्हणजे सभासद नाही, सभासद नाही म्हणजे कमिटीत नाही, मतदान नाही. मी तावातावाने भांडलो, तेवढ्यात कुलूप बदललं गेलं. पुढच्या रविवारी तिने वही आणि उरलेले २१२ रुपये पाकिटात घालून पाळकसाहेबांकडे दिले आणि परत आली नाही. मागोमाग बाकीचे.

यातली खरी गंमत ऐका. त्याच वर्षी काकांनी मंडळीत नाशिकमधल्या शरणपूरच्या इतिहासावर भाषण दिलं. समुद्रावर गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन पोरं मिशनने इथे कशी शिकवली, त्यातलाच जेकब वेनराइट, १८७३ मध्ये मिशनरी आणि शोधक लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आत वारले तेव्हा त्यांच्या सामानाची यादी याच नाशिकच्या पोराने केली, प्रेत समुद्राकाठी पोचवणाऱ्यांत हा होता, आणि १८ एप्रिल १८७४ ला लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेत खांदा देणाऱ्यांत पण हा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे बसून विचार करत होतो की त्या पोराच्या हातात अख्खं सामान दिलं लोकांनी, आणि आम्हाला पातेल्यांची चावी देववत नाही.

असो, तुमच्या प्रश्नावर येतो. वयाची अट घाला, २८ नंतर सल्लागार व्हा आणि सल्ला विचारला तरच द्या. दाखल्याशिवाय विद्यार्थी सभासद करून घ्या, मताच्या हक्कासकट, नाहीतर बाकी सगळी रचना कागदावर. कमिटीचं वर्ष जुलै ते एप्रिल ठेवा, आमचं जानेवारी ते डिसेंबर होतं, म्हणजे एप्रिल-मेमध्ये परीक्षा देऊन पोरगं गावी गेलं की पद अर्ध्यावर लटकलेलं. नाताळच्या नाटकाची प्रॅक्टिस सेमिस्टरच्या तोंडावर लावायची आणि मग पोरं येत नाहीत म्हणून रडायचं, हे बंद करा, नाटक घरच्या लोकांना करू द्या. आणि ड्रमसेट घेऊ नका. प्रत्येक मंडळीला वाटतं ड्रमसेट आणला की तरुण येतात, तरुण येत नाहीत, फक्त ड्रमसेट येतो आणि त्यावर कव्हर घालून ठेवायला लागतं.

एक राहिलंच, पैसे एकट्याच्या हातात कधीच नको, सह्या दोघांच्या, हे तेव्हा आम्ही केलं नव्हतं आणि काकांचा तेवढा मुद्दा बरोबर होता, मला तेव्हा मान्य करायचं नव्हतं. मुलींच्या हॉस्टेलची गेटची वेळ आधी विचारा. एखादी मोठी बाई कायम हजर पाहिजे, कुणाच्या घरी मीटिंग नको. आणि तुमची मंडळी लहान गावातली असेल, पोरं घरून येत असतील, तर जेवणाचा सगळा भाग सोडून द्या.

काका अजून खजिनदार आहेत. वाचत असतील तर एवढंच सांगतो, ते २१२ बरोबर होते, पाळकसाहेबांसमोर वहीशी टॅली करून मी स्वतः मोजले होते.