ठाण्यातून निघताना हातात कोणता कागद आहे?

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. कलमांचे आकडे बदलले, पण वाचकांच्या प्रश्नांतले गैरसमज बरेचसे जुनेच आहेत. निवडक प्रश्नांची उत्तरे देत आहोत. खालच्या उत्तरांतली ११५(२), ३५२, ३५१(२) आणि ८५ ही कलमे न्याय संहितेची आहेत, बाकीची नागरिक सुरक्षा संहितेची.

प्रश्न : लोकलमध्ये खिशातून मोबाइल काढून घेतला. ठाण्यात एक शिक्क्याचा कागद मिळाला. गुन्हा दाखल झाला असे समजायचे का? आणि चोरी कल्याणजवळ झाली, मी राहतो पुण्यात. तक्रार कुठे द्यायची?

आधी कागद नीट वाचा. त्यावर ‘गहाळ’ किंवा ‘प्रॉपर्टी मिसिंग’ असे लिहिले असेल, तर तो गुन्हा नाही. वस्तू हरवल्याची ती नुसती नोंद आहे. नवे सिमकार्ड घ्यायला ती चालते, पण तिच्यावर चोराचा तपास होत नाही. गुन्हा दाखल झाल्याचा कागद म्हणजे एफआयआर. तिच्या प्रतीवर गुन्हा रजिस्टर नंबर, वर्ष आणि कलम असते. शिवाय घटना केव्हा घडली, ठाण्यात माहिती केव्हा मिळाली आणि ठाणे दैनंदिनीतली नोंद कितवी, हेही असते. तक्रार द्यायला उशीर का झाला, यासाठी वेगळा रकाना आहे. तो कोरा राहू देऊ नका, कारण पुढे कोर्टात बचावाचा वकील पहिले बोट तिथेच ठेवतो. खाली फिर्यादीची, म्हणजे तुमची, सही असते. सही करण्यापूर्वी सगळे वाचून घ्या. ‘काढून घेतला’च्या जागी ‘पडला’ लिहिले असेल, तर तिथेच दुरुस्त करून मागा. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत द्यावी लागते.

हद्दीची अडचण कायद्याने काढून टाकली आहे. कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने तक्रार नोंदवायचीच. त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात. पुण्यात नोंदवलेला कागद पुढे संबंधित लोहमार्ग पोलिसांकडे जातो. एक बारकावा लक्षात ठेवा. चोरीला गेलेल्या वस्तूची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, तर नव्या कायद्यात ती चोरी अदखलपात्र, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास न करता येणारी, ठरू शकते. म्हणून मोबाइलचे बिल सोबत न्या.

ठाणे अंमलदाराने नकार दिला, तर वाद घालण्यात वेळ घालवू नका. तीच तक्रार लेखी करून पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. आयुक्तालयाच्या शहरात ती पोलीस उपायुक्तांना पाठवायची. तिथेही काही झाले नाही, तर कलम १७५(३) खाली प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्या अर्जाला आधीच्या दोन्ही तक्रारींच्या प्रती जोडाव्या लागतात. बरेच अर्ज इथेच अडकतात, कारण पोच हाताशी नसते.

प्रश्न : शेजाऱ्याने बांधावरून मारहाण केली. पोलिसांनी एनसी घेतली आणि पुढे काहीच केले नाही. पोलीस फितले असे समजावे का?

तसे लगेच समजू नका. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. तिच्या कागदावर बहुधा ११५(२), ३५२ आणि ३५१(२) ही कलमे असतील : साधी मारहाण, शिवीगाळ, धमकी. हे अदखलपात्र गुन्हे आहेत. न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश असल्याशिवाय पोलिसांना त्यांचा तपासच करता येत नाही. तो आदेश मिळवायला तुम्ही स्वतः एनसीची प्रत घेऊन कोर्टात अर्ज करू शकता. ही गोष्ट ठाण्यात फारशी कुणी सांगत नाही.

मात्र खरी गफलत बहुतेक वेळा दवाखान्यात होते. हाड मोडले, दात पडला किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना राहिल्या, तर ती गंभीर दुखापत ठरते आणि गुन्हा दखलपात्र होतो. कोयता, कुऱ्हाड यांसारखे हत्यार वापरले असेल, तर जखम साधी असली तरी गुन्हा दखलपात्रच. म्हणून ठाण्यातून वैद्यकीय यादी, म्हणजे जखमा तपासण्यासाठी डॉक्टरांच्या नावे पोलिसांचे पत्र, मागून घ्या आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. डॉक्टरांना प्रत्येक जागा दाखवा. हाताचे बोट सुजले असेल, तर ‘किरकोळ आहे’ म्हणू नका, एक्स-रे काढायला सांगा. चार दिवसांनी खासगी दवाखान्यात फ्रॅक्चर निघाले, तर ते त्याच मारहाणीतले, हे सिद्ध करणे अवघड जाते. तरीही तसे निघालेच, तर एक्स-रे आणि अहवाल लेखी अर्जासोबत ठाण्यात द्या, आवक शिक्का घ्या आणि योग्य कलमाखाली गुन्हा नोंदवायला सांगा.

प्रश्न : माणूस हरवला तर चोवीस तास थांबावे लागते ना?

नाही. असा नियम कुठेच नाही. कायद्यातले चोवीस तास वेगळे आहेत : अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ वगळून तेवढ्या वेळात कोर्टापुढे उभे करावे लागते. हरवलेल्या प्रौढ व्यक्तीची नोंद ‘मनुष्य मिसिंग’ म्हणून लगेच होते. मूल अठरा वर्षांखालचे असेल, तर थेट अपहरणाचा गुन्हा नोंदवायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा तसा आदेश आहे. जाताना अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, उंची, खुणा, मोबाइल नंबर आणि शेवटचे ठिकाण लिहून न्या. मुलांसाठी १०९८ वर आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ वर त्याच वेळी फोन करा. थांबण्यात जाणारे पहिले काही तास सगळ्यात मोलाचे असतात.

प्रश्न : आईला (वय ६४) ठाण्यातून फोन आला, ‘चौकशीला या.’ नाही गेली तर अटक होईल का?

पहिला प्रश्न हा, की आईला साक्षीदार म्हणून बोलावले आहे की संशयित म्हणून. साक्षीदार असेल तर कलम १७९ लागू होते. कोणतीही स्त्री, साठीपुढचा किंवा पंधरा वर्षांखालचा पुरुष, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. पोलिसांनी घरी येऊन जबाब घ्यायचा.

संशयित म्हणून बोलावले असेल तर कलम ३५(३) ची लेखी नोटीस हवी. ती आली तर जायलाच हवे. नोटीस पाळणाऱ्याला त्या गुन्ह्यात सहसा अटक होत नाही, करायची झाली तर अधिकाऱ्याला कारणे लिहावी लागतात. नोटीस धुडकावली, तर मात्र अटकेला कारण मिळते. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षांपेक्षा कमी असेल आणि व्यक्ती साठीपुढची असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही.

याला जोडूनच विचारले जाते, की बाईला रात्री अटक होतच नाही ना? होऊ शकते, पण फक्त अपवादात्मक परिस्थितीत. त्यासाठी महिला अधिकारी हवी, लेखी अहवाल हवा आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी हवी.

प्रश्न : पोलिसांनी भावाकडून कबुलीजबाबावर सही घेतली. आता शिक्षा नक्की का?

पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. ती न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, कलम १८३ प्रमाणे द्यावी लागते. तिथे आरोपीला ‘कबुली देणे तुमच्यावर बंधनकारक नाही’ असे आधी सांगावे लागते. एक अपवाद जड आहे : भावाच्या सांगण्यावरून लपवलेली वस्तू सापडली, तर तेवढा भाग पुरावा होतो. साक्षीदाराच्या जबाबावर तर सही घ्यायचीच नसते, कलम १८१ तसे स्पष्ट सांगते. सही लागते ती फिर्यादीवर, पंचनाम्यावर, अटकेच्या कागदावर. कोऱ्या कागदावर कुणीही, कधीही सही करू नये.

भाऊ कोठडीत असेल, तर आजच वकील द्या. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देते. कोठडीतली व्यक्ती, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००. अटकेची कारणे त्याला समजेल अशा भाषेत लेखी दिली होती का, हे वकिलाला पहिल्याच भेटीत तपासायला सांगा.

प्रश्न : सासरच्यांशी समेट झाला. ठाण्यात जाऊन केस मागे घेता येईल ना?

नाही. गुन्हा नोंदवला की खटला सरकार चालवते, फिर्यादी फक्त साक्षीदार उरतो. काही गुन्ह्यांत कोर्टापुढे तडजोड होते, पण छळाचे कलम ८५ (जुने ४९८-अ) त्या यादीत नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंनी उच्च न्यायालयात कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो, फिर्यादीच्या प्रतिज्ञापत्रासह. सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गकरांना ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच आहे. ‘कोर्टात उलटी साक्ष देऊ’ हा सल्ला ऐकू नका. खोट्या साक्षीचा वेगळा गुन्हा अंगावर येतो.

प्रश्न : व्हिडिओ कॉलवर गणवेशातल्या माणसाने ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगितले आणि वडिलांनी पैसे भरले. आता काय?

अशी अटक कायद्यात नाही. कलम ४३ प्रमाणे अटक म्हणजे माणसाचा प्रत्यक्ष ताबा. पडद्यावरून तो घेता येत नाही, आणि कोणतीही तपास यंत्रणा ‘पडताळणीसाठी’ पैसे खात्यात भरून घेत नाही.

हे वाचत असतानाच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा. बँकेचे नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेने व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक) तयार ठेवा. पैसे पुढच्या खात्यात पडून असतील, तर ते तिथेच गोठवता येतात. दोन-तीन खात्यांतून फिरून रोख निघाले, की मागे आणणे फार कठीण होते. स्क्रीनशॉट आणि कॉलची नोंद पुसू नका. मग सायबर पोलीस ठाण्यात किंवा जवळच्या कोणत्याही ठाण्यात जाऊन फिर्याद द्या. फक्त १९३० चा तक्रार क्रमांक हातात असणे म्हणजे एफआयआर नव्हे.