जीसीसी ११ च्या रनटाइम लायब्रऱ्या कुठे ठेवायच्या?

सेंटओएस ७ (लिनक्स) वर जीसीसी ११ हा कंपायलर सोर्सवरून बिल्ड केलाय आणि लिबएसटीडीसी++ (सी++ प्रोग्रॅमना चालताना लागणारी लायब्ररी) /यूएसआर/लिब६४, /यूएसआर/लोकल की /ऑप्ट यांपैकी कुठे टाकू, असं विचारलंय. /ऑप्ट/जीसीसी-११ मध्येच राहू द्या आणि प्रोग्रॅम लिंक करताना आरपाथ द्या, म्हणजे लायब्ररी कुठे शोधायची तो पत्ता प्रोग्रॅममध्येच लिहिला जातो. /यूएसआर/लिब६४ ला हात लावू नका. खरं तर इथेच थांबायला हवं, पण याच मुद्द्यावरून जुन्या ऑफिसात माझं अ‍ॅडमिनशी चांगलंच वाजलं होतं.

तिथेही हाच सेटअप. अ‍ॅडमिनसाहेबांनी एलडी_लायब्ररी_पाथची (लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणारं सेटिंग) एक ओळ सगळ्यांच्या प्रोफाइलमध्ये (लॉगिन करताना वाचली जाणारी फाइल) टाकली आणि मोकळे झाले. मी म्हटलं, आरपाथ देऊ. उत्तर आलं, "तू कोड लिही, सर्व्हर मी बघतो." दिवसा हाताने चालवलं की सगळं सुरळीत. रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) तोच प्रोग्रॅम सुरू होताहोताच आडवा: 'जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.२९ नॉट फाउंड', म्हणजे लिबएसटीडीसी++ ची हवी ती आवृत्ती सापडली नाही. क्रॉन ती प्रोफाइल वाचतच नाही. मग त्याला मिळते सिस्टिमची, जुन्या जीसीसी ४.८.५ वाली लायब्ररी, आणि ती ३.४.१९ च्या पुढे जात नाही. लॉगिन करून एलडीडी (प्रोग्रॅमला कोणत्या लायब्ररी कुठून मिळतात ते दाखवणारी कमांड) लावलं तर सगळं जागच्या जागी दिसायचं, म्हणून खापर माझ्या कोडवर. शेवटी एलडीडीच क्रॉनमधून चालवलं आणि आउटपुट मेल केलं, सगळ्यांना सीसीत ठेवून. त्यात /लिब६४ चा पाथ ढळढळीत दिसत होता.

यावर साहेबांचा तोडगा: नवी फाइल थेट /यूएसआर/लिब६४ मधल्या जुन्या लिबएसटीडीसी++ च्या ६.०.१९ फाइलवर कॉपी. चाललं की! पुढच्या यम (सेंटओएसचं पॅकेज बसवणारं साधन) अपडेटने पॅकेजमधली फाइल परत आणून ठेवली आणि पुन्हा तीच बोंब. अहो, त्या फोल्डरचा मालक आरपीएम, म्हणजे सिस्टिमची पॅकेज व्यवस्था, आहे. अखेर आरपाथच आला, फक्त मीटिंगमध्ये ती कल्पना त्यांची झाली होती.

/यूएसआर/लोकल चालेल, मशीन एकट्याचं असेल तर. एलडी.एसओ.कॉन्फ.डी या फोल्डरात लायब्ररीचा पाथ लिहिलेली फाइल टाकायची, एलडीकॉन्फिग चालवायचं म्हणजे सिस्टिमला तो पाथ कळतो. पण मग ती लायब्ररी मशीनवरच्या सगळ्यांनाच लागू होते, आणि उद्या जीसीसी १३ आणलात की त्याच फोल्डरात खिचडी. बिल्ड दुसरीकडे न्यायचा असेल तर लायब्ररी प्रोग्रॅमच्या शेजारी ठेवा आणि आरपाथमध्ये '$ओरिजिन' (प्रोग्रॅम जिथे आहे तो फोल्डर) द्या. सिंगल कोटातच, नाहीतर शेल ते गिळतं.

काही लिंकर आरपाथऐवजी रनपाथ (त्याचाच नवा प्रकार) लिहितात, ते रीडएल्फ या कमांडने बघून घ्या. रनपाथवर एलडी_लायब्ररी_पाथ कुरघोडी करतो, त्यामुळे एखाद्या लायसन्सवाल्या सॉफ्टवेअरच्या स्क्रिप्टने स्वतःची जुनी लिबएसटीडीसी++ पुढे घुसवली की तुमचा प्रोग्रॅम पुन्हा आडवा. एकच एक्झिक्युटेबल असेल तर लिबएसटीडीसी++ स्टॅटिक करून, म्हणजे प्रोग्रॅममध्येच भरून, सुटता येतं. मात्र एका .एसओ (शेअर्ड लायब्ररी) मधून टाकलेलं एक्सेप्शन (एरर) दुसरीकडे पकडत असाल तर लिबजीसीसी (जीसीसीची दुसरी मदतनीस लायब्ररी) शेअर्डच ठेवा. आणि सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ लाच संपलाय, तेवढं तुमच्या अ‍ॅडमिनच्या कानावर घाला.