तळ कोरडा, तरी बोट खाली का बसते?

तुमची 17 फुटी जुनी फायबरची बोट. तळात पाणी साठत नाही, तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंप क्वचितच सुरू होतो, तरी मागची बाजू जुन्या पाणरेषेपेक्षा साधारण 4 इंच खाली बसते. मोठा पंप बसवावा की मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, बदलावी असं विचारलंय. आत्ता यातलं काहीच करू नका. आधी जास्तीचं वजन किती आणि ते कुठे आहे, हे शोधा.

वजनकाटा तुमच्याकडे आहेच, तो म्हणजे ही बोट. माणसं आणि सामान उतरवा, पाणी शांत असताना नाळेपाशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, आणि मागे, दोन्हीकडे जुन्या रेषेपासूनचं अंतर मोजा. मागची बाजू खाली गेली आणि नाळ तेवढीच वर आली असेल, तर वजन फक्त मागे सरकलंय. बॅटऱ्या, नांगर, भरलेली टाकी पुढे नेऊन बघा. पण नाळ जागच्या जागी असून मागे 4 इंच गेले असतील, तर सरासरी 2 इंच, म्हणजे सुमारे 5 सेंटिमीटर बोट बुडालीय. या मापाच्या बोटीचं पाणरेषेपाशी क्षेत्रफळ ढोबळ 7 चौरस मीटर धरा. 350 लिटर पाणी जास्त बाजूला सारलं जातंय, म्हणजे 350 किलो वजन वाढलंय. ट्रान्समवरचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन काढून जड फोर-स्ट्रोक बसवलं असेल तर तो फरक यातून वजा करा. तरीही मोठा आकडा उरला, तर ते बहुधा पाणीच आहे.

आणि ते बहुतेक बोट तरंगती ठेवायला फ्लोअरखाली भरलेल्या फोममध्ये असतं. एक घनफूट कोरडा फोम जेमतेम एक किलोचा; त्याच जागेत पाणी भरलं तर 28 किलो. खुर्च्यांच्या स्क्रूंमधून पाणी थेंबथेंब झिरपतं, वर्षानुवर्षांच्या आदळआपटीने फोम फुटतो आणि पाणी धरून ठेवतो. फोमचा कप्पा बंद असतो, म्हणून ते पाणी पंपापर्यंत पोचतच नाही.

मी यात दोन मोसम घालवले. बाहेरून दिसेल त्या सांध्यात सीलंट भरलं, बोट तशीच. शेवटी फ्लोअरला होल-सॉने, म्हणजे गोल भोक कापणाऱ्या करवतीने, दोन इंचाचं भोक पाडलं. वरचा तीन इंच फोम खडखडीत कोरडा निघाला आणि मी भोक बुजवायलाच निघालो होतो. सहज खाली हात घातला, मूठभर फोम उपटून पिळला, तर तपकिरी पाणी कोपरापर्यंत ओघळलं. म्हणून नमुना मागच्या बाजूला, अगदी तळापासून घ्या. भोक पाडण्याआधी खालून पेट्रोलची टाकी किंवा नळी जात नाही ना याची खात्री करा, वाफ पूर्ण जाऊ द्या. फायबर कापताना मास्क हवाच.

भोकं पाडून बोट उन्हात ठेवायचा सल्ला तुम्हाला मिळेल. भिजलेला फोम असा वाळत नाही, तो काढावाच लागतो. पण काढून कप्पा रिकामा मात्र ठेवू नका. बोट पाण्याने भरली तर तोच फोम तिला तरंगत ठेवतो. आधी आतले लाकडी स्ट्रिंगर, म्हणजे तळाला आधार देणाऱ्या लांब पट्ट्या, टोचून बघा, कुजले असतील तर ते दुरुस्त करा, मगच पाणी सहज न शोषणारा नवा क्लोज्ड-सेल फोम भरा आणि त्याच्या खालून पाणी वाहायला वाट ठेवा.

ट्रान्समची परीक्षा सोपी आहे. बोट जमिनीवर असताना पाणरेषेखालचा एखादा स्क्रू काढा. भोकातून पाणी किंवा काळपट भुसा आला तर आतलं प्लायवुड गेलं. इंजिनाचा खालचा भाग धरून वरखाली हलवल्यावर फळी लवत असेल, तर त्या इंजिनावर बोट पाण्यात नेऊच नका.

एक गोष्ट आजच बघा. डेकवरचं पाणी बाहेर सोडणारी भोकं पाण्याखाली गेलीत का? गेली असतील तर पाणी उलटं आत येतं, बोट आणखी बसते, आणखी पाणी येतं. धक्क्याला बांधलेल्या बोटी रात्रीत अशाच बुडतात. तसं असेल तर दुरुस्ती होईपर्यंत बोट बाहेर काढून ठेवा.

नाळेची आणि मागची मापं, इंजिनाचं वजन आणि नमुन्यातला फोम कसा निघाला, एवढं कळवा. फ्लोअर किती उघडावं लागेल ते त्यावरून सांगतो.