परात पलंगाखाली सरकवा

'बाईंना विचारा' : वाचकांचे प्रश्न, बालवाडीच्या निवृत्त बाईंची उत्तरं

प्रश्न : बाई, नमस्कार. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या दोन खोल्या आहेत. घरात सासूबाई, आम्ही दोघं, पाच वर्षांची मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा. मी घरीच ब्लाऊज शिवते. पोरांनी हातानं काहीतरी करावं असं फार वाटतं, म्हणून दुपारी रंग, कागद, माती असं सगळं काढून देते. तासाभरात घराचा उकिरडा होतो. स्वयंपाकाची वेळ झाली की मीच ओरडून सगळं गोळा करायला लावते. मुलगी रडते, 'माझं झालं नाही अजून' म्हणते. सासूबाई भिंतींवरून बोलतात. शेवटी मोबाईल देऊन दोघांना गप्प बसवते. शेजारच्या वहिनी म्हणतात, क्राफ्टच्या क्लासला घाला. घालू का? आणि एक, लग्नाआधी मी भरतकाम करायचे, रांगोळीत बक्षिसं मिळवायचे. आता सुई धरते ती गिऱ्हाइकाच्या कपड्यापुरती. त्याचंही काही करता येईल का?

उत्तर : तुमच्या पत्रात मुलगी एकच वाक्य बोलली आहे. मी आधी तिलाच उत्तर देते.

माझं आयुष्य बालवाडीत गेलं. रंग नसले तर पोरं कोळशानं काढतात, माती नसली तर कणकेवर भागवतात. पण आज अर्धं राहिलेलं उद्या जागेवर सापडलं नाही, की पुन्हा त्यात हात घालत नाहीत. घातलाच तर पाच मिनिटांत उरकतात, कारण संध्याकाळी मोडणारच हे त्यांना ठाऊक असतं. मग आपणच म्हणतो, हिचं कशात लक्षच लागत नाही.

दोन खोल्यांत जागा कुठनं आणायची म्हणाल, तर माळ्यावरची मोठी परात काढा. लग्नात आलेली, वर्षातनं चारदा पुरणाला लागणारी एक तरी असेलच. मुलीचं काम त्या परातीत. माती, चिंध्या, डिंकाची वाटी, काड्या, सगळं काठाच्या आत. कुकर लावायची वेळ झाली की परात आहे तशी पलंगाखाली सरकवायची. आवरायचं नाही, मोडायचं नाही, 'हे काय गं वाकडं' म्हणून सरळही करायचं नाही. दुसऱ्या दिवशी ओढून काढली की कालच्या जागेपासून पुढं सुरू. धाकट्याला वेगळं ताट द्या. एका परातीत दोघं नकोत. अडीच वर्षांचं पोर दुसऱ्याचं मोडण्यात रमतं, तोच त्याचा उद्योग असतो. परात पुरणाला हवी असली तर मुलीला आदल्या दिवशी सांगा आणि तिच्याच हातानं सामान पाटावर हलवा. तुमच्या मशिनवरचं अर्धं ब्लाऊज कुणी न विचारता उसवलं तर तुम्ही काय म्हणाल?

दुसरं, सगळं एकदम काढून देऊ नका. रंग, कागद, माती तिन्ही समोर आलं की पोर कशालाच धड धरत नाही. आणि तुमच्या घरात तर बाहेरनं काही आणायचीसुद्धा गरज नाही. अस्तराचे तुकडे, उरलेल्या लेसा, कॅनव्हासची कात्रणं आहेतच. मुलीला गोणपाटाचा वीतभर तुकडा, जाड लोकर आणि बोथट टोकाची मोठी सुई द्या. गोणपाटाची वीण सैल असते, सुई सहज आरपार जाते, टाका डोळ्याला दिसतो. सुरुवातीला लोकर कडेवरून फिरून सगळ्याची पुरचुंडी होईल. होऊ दे. चारदा पुरचुंडी झाली की सुई वरनं गेली तर खालनंच परत आली पाहिजे, हे तिचं तिला कळतं. सांगितलेलं विसरेल, हे नाही विसरणार. बटणं, हुक, टाचण्या मात्र उंचावर. धाकट्याचं सगळं आधी तोंडात जातं.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला गावातल्या पोरांसाठी काम सुरू केलं, तेव्हा मॉन्टेसोरी शिक्षणपद्धतीचं महागडं साहित्य तिथं परवडणारं नव्हतं. बिया, शिंपले, खडे, पानं अशा आसपासच्या वस्तूंवर त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाडी चालवून दाखवली. आम्ही शिकलो ते त्याच वळणाचं. म्हणून कुणी मला रंगीत खोक्यातला किट दाखवला की मी आधी घरातले डबे उघडून बघते.

सासूबाईंचं भिंतींबद्दलचं म्हणणं बरोबर आहे हो. घर रंगवायला काय पैसे पडतात ते त्यांना माहीत आहे. मागच्या दाराशी किंवा मोरीपाशी शहाबादी फरशी असेल, तर धाकट्याला तांब्याभर पाणी आणि रंगाचा जुना ब्रश द्या. ओली झाली की ती फरशी काळपट होते, रेघ ठळक उठते. उन्हात बघता बघता वाळून जाते, की पुन्हा काढायला मोकळा. या वयाला याच्यासारखा खेळ नाही. पुसायला काही उरत नाही आणि फरशी धुऊन निघते ती वेगळीच. सासूबाई पापड लाटायला बसल्या की त्यांच्याकडनं एकेक लाटी पोरांना द्यायला लावा. तिचा पापड होणार नाही, ती काळी पडेपर्यंत मळली जाईल. खायची नाही, एवढं आधी ठरवून टाका.

मोबाईलचं थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून पडदा बघणं दिवसाला तासाच्या वर नको, कमी तेवढं चांगलं. तुम्ही भाकरी थापेपर्यंत दिला म्हणून आभाळ कोसळत नाही. पण हातातलं काम मोडायला लावून त्याच्या बदल्यात मोबाईल देऊ नका. तो सौदा पोरं फार लवकर शिकतात.

क्लास आत्ता नको. सोबतीला पोरं मिळतात म्हणून जायचं असेल तर जाऊ दे, पण आधी तिथल्या भिंतीवर लावलेलं काम बघून या. सगळ्यांची फुलपाखरं एकसारखी असली, तर ती बाईंनी कापलीत, पोरांनी नुसती चिकटवलीत. त्यापेक्षा एखाद्या संध्याकाळी खरी कॉर्नरला चालत जा आणि कॅमेऱ्याचा स्तंभ दाखवा. बाबूराव पेंटरांनी १९१८ साली इथं कोल्हापुरात स्वतः सिनेमाचा कॅमेरा तयार केला, त्याची ती आठवण आहे. ते कलेच्या शाळेत गेलेले नव्हते. वडील कृष्णराव मिस्त्री कसबी कारागीर, हात घरातच तयार झाला. लहानपणी त्यांना दर वेळी कुणी 'ठेव ते खाली' म्हटलं नसणार, असा माझा आपला अंदाज. सुट्टीच्या दिवशी दसरा चौकात शाहू स्मारकाच्या कलादालनातही डोकवा. प्रदर्शन असलं तर पोरं दहा मिनिटं बघतील आणि पळायला लागतील. दहा मिनिटं पुष्कळ झाली.

आता तुमचं भरतकाम. पत्राच्या शेवटी भीत भीत लिहिलंय. दुपारी परात बाहेर आली की गिऱ्हाइकाचं काम बाजूला ठेवा आणि अर्धा तास स्वतःची रिंग हातात घ्या. मुलीला शिकवायचं म्हणून नको, तुमचं तुम्ही भरा. ती शेजारी बसेल, उठेल, परत येईल. तिच्याकडं बघूही नका. वेळ झाली की तुमची रिंगसुद्धा परातीबरोबर पलंगाखाली. गिऱ्हाईक दाराशी आलं तर सांगा, चारनंतर या. ब्लाऊज सांगितलेल्या दिवशी मिळेल अशी आशा तशीही कोल्हापुरात कुणी धरत नाही.

प्रश्न : बाई, आम्ही कसबा बावड्याचे. मुलगा साडेचार वर्षांचा आहे आणि कागद दिला की फक्त ट्रॅक्टर आणि उसाची ट्रॉली काढतो. मी डोंगर, सूर्य, नदी काढून दाखवतो, तो तिकडं बघतही नाही. काही अडचण तर नसेल?

उत्तर : साखर कारखान्याच्या गावात राहता, हंगामात दारावरनं दिवसभर ट्रॉल्या जातात. त्यानं काय, पेंग्विन काढायचा? तुमचे डोंगर-सूर्य तुम्हाला शाळेत फळ्यावरनं मिळालेत. त्याची ट्रॉली त्यानं स्वतः बघितलेली आहे. आज काढलेलं चित्र आणि दिवाळीच्या आसपासचं चित्र शेजारी ठेवून बघा. आधी नुसती चौकट असेल. मग चाकं आली असतील, मग ट्रॉलीला ट्रॉली जोडली असेल, मग उसाच्या मोळ्या बाहेर लोंबायला लागल्या असतील. एकाच गोष्टीत तो इतका पुढं गेलाय. कागदामागं तारीख घाला आणि गप्प बसा. फार तर विचारा, 'डायव्हर कुठं बसलाय?' डोंगर काढून दाखवायचा बंद करा.

प्रश्न : बाई, मी राजारामपुरीतला आजोबा. यंदा बेंदराच्या सणाला पूजेचे मातीचे बैल विकत न आणता नातवाबरोबर घरी करायचं ठरवलंय. गेल्या खेपेला प्रयत्न केला, वाळताना सगळ्यांचे पाय तडकले. काय करावं?

उत्तर : उत्तम बेत आहे, आणि तडकतात ते उन्हामुळं. माती कुंभाराकडनंच आणा. शाहूपुरीत, गंगावेशीत किंवा बापट कॅम्पला जाऊन 'मळलेली द्या' म्हणा, खडे काढलेले असतात. घरी ओल्या फडक्यात आणि वरनं प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली की काही दिवस मऊ राहते.

पाय वेगळे करून चिकटवू नका. मातीचा जाड लोळा घ्या, त्यातनंच चार पाय ओढून काढा, बोटभर जाड, आखूड. नातवाला देखणा बैल हवा असेल तर त्याला सांगा, बारीक पायाचा बैल बसलेला करतात. वशिंड आणि शिंगं जोडावीच लागतात. तिथं दोन्ही बाजूंना काडीनं ओरखडे काढायचे, मातीचा पातळ राडा लावायचा आणि मग दाबायचं. पोट फार भरीव झालं तर खालनं बोटानं पोकळ करा. जाड माती बाहेरनं आधी वाळते, आतनं ओली राहते, तिथंच चीर जाते. सावलीत, वारं थेट लागणार नाही असं, दोन दिवस फडक्याखाली आणि मग उघडे ठेवा. पावसाळी हवेत वेळ लागतो, म्हणून बेंदराच्या आठवडाभर आधी लागा कामाला. गेरू आणि चुना पूर्ण वाळल्यावरच.

नातवाचा बैल डुकरासारखा दिसला तरी त्याला हात लावू नका. तुमचा तुम्ही वेगळा करा आणि पूजेला दोन्ही ठेवा.